परीक्षा देणारे आणि घेणारे : इंग्रजी शब्दजोड्यांच्या एका कार्डसंचाचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दहावीचे सराव प्रश्नसंच घेत असताना दुकानदाराने पुठ्ठ्याची एक पेटी माझ्यापुढे सरकवली. “बाई, हे नवीन आलंय, परदेशी जाणारी मुलं बरीच नेतात,” असे तो म्हणाला. पेटीत १२० कार्डे, २४ पानांची एक पुस्तिका आणि ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी प्रत्येक कार्डावर एक क्यूआर कोड होता. विषय एकच होता : परीक्षेविषयी बोलताना इंग्रजीत कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जोडीने येतो. किंमत ४५० रुपये. एवढ्या एका विषयासाठी एवढे पैसे मोजावेत का, असा विचार मनात आला. परंतु गेली अनेक वर्षे सांगलीच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे या विषयात आपली मुले नेमकी कोठे अडखळतात हे मला ठाऊक होते आणि म्हणून मी पेटी विकत घेतली. प्रकाशकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा मांडणार आहे त्या या एका संचापुरत्या नाहीत.

संध्याकाळी माझ्या घरी दोन प्रकारचे विद्यार्थी येतात. एक, दहावीची मुले. दुसऱ्या, परदेशात नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिका, ज्यांना आयईएलटीएस किंवा तत्सम इंग्रजी भाषेच्या परीक्षेत ठरावीक गुणांची अट पूर्ण करावी लागते. चार महिने हा संच दोन्ही गटांत वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

कार्डांची रचना साधी आहे. पुढच्या बाजूला एक वाक्य असते आणि त्यातील क्रियापदाच्या किंवा विशेषणाच्या जागी रेघ असते. मागच्या बाजूला उत्तर, त्याच जागी चालणारे इतर एकदोन शब्द आणि तळाशी लाल फुलीसह ‘असे म्हणू नका’ अशी एक ओळ असते. चार रंग आहेत : परीक्षेपूर्वीसाठी पिवळा, परीक्षेच्या खोलीसाठी निळा, निकालासाठी हिरवा आणि शिक्षकांच्या कामासाठी तपकिरी. छपाई स्वच्छ आहे, अक्षर मोठे आहे, उदाहरणवाक्ये छोटी आणि बोलीतली आहेत. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

तक्रार सुरू होते ती पहिल्याच पिवळ्या कार्डापासून. त्यावर ‘आय हॅव टू ___ ॲन एक्झाम टुमॉरो’ असे वाक्य आहे. मागे उत्तर आहे ‘टेक’, त्याखाली बारीक टायपात ‘सिट’, आणि तळाशी लाल फुली मारून ‘गिव्ह’. बस्स. कारण दिलेले नाही. परिचारिकांच्या गटात हे कार्ड निघाले तेव्हा सात जणींपैकी सहा जणींनी ‘गिव्ह’ हेच उत्तर दिले होते, आणि फुली पाहून त्यांनी ती निमूटपणे वहीत उतरवून घेतली. अर्ध्या तासाने तपकिरी गठ्ठ्यातून दुसरे कार्ड निघाले, ‘द टीचर ___ अस अ टेस्ट एव्हरी फ्रायडे’, आणि त्याचे उत्तर होते ‘गिव्ह’चेच भूतकाळी रूप. तेव्हा कोल्हापूरच्या एका परिचारिकेने पेन खाली ठेवले आणि विचारले, “मॅडम, मग परीक्षा घेतं कोण?”

हा प्रश्न या संचाच्या कर्त्यांना पडलेला नाही, आणि माझ्या मते संपूर्ण संचातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, म्हणजे शब्दशः घेतो, आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतो, म्हणजे देतो. देण्याघेण्याची दिशाच उलटी आहे. हे केवळ एका क्रियापदाच्या निवडीचे प्रकरण असते तर पाठ करून भागले असते. परंतु आपल्या भाषेत परीक्षा ही वस्तूच वेगळ्या दृष्टीने पाहिली जाते. सीतेने अग्निपरीक्षा दिली, हरिश्चंद्राने सत्त्वपरीक्षा दिली. जो कसोटीला उभा राहतो तो स्वतःचे काहीतरी पुढे ठेवतो आणि समोरचा ते स्वीकारून पारखतो. साक्ष देणे, जबाब देणे, हजेरी देणे यांच्याच पंगतीत परीक्षा देणे बसते. इंग्रजीत मात्र परीक्षा ही शिक्षकाच्या हातात असलेली वस्तू आहे, जी तो वाटतो आणि विद्यार्थी घेतो. गंमत अशी की शपथेच्या बाबतीत दोन्ही भाषांची दिशा जुळते. आपण शपथ घेतो आणि इंग्रजही ‘टेक ॲन ओथ’ म्हणतो. त्यामुळे ‘टेक’ म्हणजे घेणे हे समीकरण विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसलेले असते आणि परीक्षेपाशी येऊन ते त्याला दगा देते. ‘आय टूक ॲन एक्झाम’ असे म्हणताना आपण विद्यार्थी नसून परीक्षक असल्यासारखे वाटते, असे एका मुलीने मला सांगितले, आणि तिचे काहीच चुकलेले नव्हते.

हिंदीतही दिशा हीच असल्यामुळे भारतात ‘गिव्ह ॲन एक्झाम’ सर्रास चालते आणि येथे त्यावरून कोणाचा गैरसमज होत नाही. म्हणूनच केवळ लाल फुली मारणे मला पटत नाही. ‘भारतात प्रचलित, बाहेर ऐकणाऱ्याला तुम्ही शिक्षक आहात असे वाटेल’ एवढी एक ओळ तेथे हवी होती. मुंबईत किंवा सांगलीत बोलताना चूक नसलेली गोष्ट लंडनमध्ये गैरसमज का निर्माण करते हे कळले की मुलगी ती विसरत नाही. नुसती फुली मात्र आठवड्याभरात विसरते.

याच कार्डावर दुसरी एक संधी वाया गेली आहे आणि तिचे मला अधिक वाईट वाटते. बारीक टायपातला तो ‘सिट’ पाहा. ब्रिटिश इंग्रजीत ‘सिट ॲन एक्झाम’ किंवा ‘सिट फॉर ॲन एक्झाम’ हे रोजचे बोलणे आहे, आणि मराठीत आपण ‘परीक्षेला बसणे’ म्हणतोच की! ‘यंदा दहावीला बसलाय’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. मराठी विद्यार्थ्याला जो शब्द घरूनच येतो तो कार्डाच्या मागे, दुसऱ्या क्रमांकावर, भिंगाने वाचावा लागेल अशा अक्षरात छापला आहे. अमेरिकेत जाणाऱ्यांनी ‘टेक’ शिकावे हे खरे. परंतु ब्रिटनला जाणाऱ्या परिचारिकेला मी आता सरळ सांगते की ‘देणे’ विसर आणि ‘बसणे’ धर, म्हणजे दिशेचा गोंधळच उरत नाही. कॅनडात आणि दक्षिण आफ्रिकेत ‘राइट ॲन एक्झाम’ असेही म्हणतात. आपल्याकडे दक्षिण भारतीय सहकाऱ्यांच्या तोंडी हा प्रयोग नेहमी ऐकू येतो. संचात तो मुळीच नाही, आणि माझ्या सात जणींपैकी दोघी कॅनडाच्या तयारीत होत्या.

संचाचा उत्तम भाग म्हणजे हिरवा गठ्ठा, त्यातही ‘पास’ या शब्दाभोवतीची नऊ कार्डे. त्यांपैकी एकावर चित्र आहे : परीक्षेच्या खोलीत बाकाशेजारी जमिनीवर आडवा पडलेला मुलगा, हातातून निसटलेले पेन, आणि वर पर्यवेक्षिकेचा घाबरलेला चेहरा. खाली वाक्य, ‘ही पास्ड आउट ड्युरिंग द एक्झाम’. आपल्याकडे ‘मी २०१९ला पासआउट झालो’ हे वाक्य प्रत्येक मुलाखतीत म्हटले जाते. इंग्रजीत एरवी ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणे, हे या एका चित्राने दहावीच्या मुलांना जन्मभरासाठी समजले. वर्गात पाच मिनिटे हशा पिकला होता. मात्र येथेही पुस्तिका अर्धेच सांगते. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला इंग्रजीत ‘पास आउट’ म्हणतातच, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या ‘पासिंग आउट परेड’च्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. म्हणजे हा प्रयोग आपण हवेतून काढलेला नाही. छावणीतला शब्द महाविद्यालयात नेला, एवढेच. महाविद्यालयासाठी ‘ग्रॅज्युएट’ हे क्रियापद वापरावे, ही सूचना कार्डावर आहे आणि ती योग्य आहे.

‘पास’ या शब्दावरून थोडे विषयांतर करते. परीक्षेच्या संदर्भातील आपला नित्याचा शब्दसाठा मोठ्या प्रमाणात इंग्रजीच आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली, त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेव्हापासून पेपर, मार्क, पास हे शब्द आपल्या घरात असे मुरले की ‘पास’ला फारसीतला ‘ना’ जोडून आपण ‘नापास’ हा शब्दही तयार केला. अडचण इतकीच की हे शब्द मराठीत रुळताना त्यांची सोबत बदलली. पेपर हा शब्द इंग्रजांचा, पण तो काढणे, तपासणे, सोडवणे आणि फुटणे हे सारे आपले. आणि मुले पुन्हा इंग्रजीत जाताना शब्द त्यांचा, सोबत आपली, अशी जोडी घेऊन जातात.

ही बाब संचाने ओळखली असती तर तपकिरी गठ्ठा कितीतरी उपयोगी झाला असता. शिक्षक पेपर काढतात तेव्हा इंग्रजीत ते तो ‘सेट’ करतात. पेपर तपासतात तेव्हा ब्रिटनमध्ये ‘मार्क’ करतात आणि अमेरिकेत ‘ग्रेड’ करतात. आपण म्हणतो तसे ‘चेक’ करत नाहीत, कारण ‘चेक’ने केवळ चुका आहेत की नाहीत हे पाहिल्याचा अर्थ निघतो, गुण दिल्याचा नाही. पेपर फुटतो तेव्हा तो ‘लीक’ होतो, म्हणजे गळतो. आपल्याकडे मडके फुटते तसा तो फुटतो आणि त्यांच्याकडे नळ गळतो तसा गळतो, परंतु दोन्हीकडे आतले बाहेर येते ही कल्पना सारखीच आहे. हे सर्व शब्द संचात आहेत. पण ते सुटे आहेत, आणि मराठी मुलाच्या मनातील ज्या मूळ शब्दाला ते उत्तर म्हणून यायला हवेत तो शब्द कोठेच नाही. ‘सोडवणे’ या शब्दाचे तर पाहायलाच नको. जुने पेपर सोडव, असे आपण म्हणतो आणि मुले त्याचे ‘सॉल्व्ह द पेपर’ करतात. गणित, कोडे, समस्या यांना ‘सॉल्व्ह’ शोभते. पेपर मात्र ‘डू’ करायचा असतो आणि प्रश्न ‘आन्सर’ करायचे असतात. ‘पास्ट पेपर’ हे नाम एका कार्डावर आहे, पण त्याच्याबरोबर येणारे क्रियापद त्या कार्डावर गाळले आहे. शब्दजोड्यांच्या संचात जोडीतला एकच शब्द असावा, हे खटकतेच.

याउलट काही ठिकाणी दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात आणि त्या जागा वर्गात फार उपयोगी पडल्या. ‘पेपर कसा गेला?’ याला इंग्रजीतही ‘जाणे’च आहे : ‘हाऊ डिड द एक्झाम गो?’ परीक्षेच्या दुपारी दारात उभी असलेली आई जे विचारते तेच लंडनची आई विचारते. पुढचे वाक्य मात्र वाकडे जाते. पेपर अवघड गेला, याचे ‘द पेपर वेंट डिफिकल्ट’ होत नाही. तेथे ‘आय फाउंड द पेपर डिफिकल्ट’ म्हणावे लागते. संचात ‘फाइंड’चे कार्ड आहे आणि त्याचे उदाहरणवाक्यही चांगले आहे. ‘काठावर पास’ याला ‘स्क्रेप थ्रू’ किंवा ‘स्क्रेप अ पास’ असा जवळचा प्रयोग आहे. आपण काठावर उभे राहतो, ते खरडत पार होतात. दहावीतल्या एका मुलाला, ज्याला चाचणीत शंभरपैकी बरोबर ३५ गुण होते, ही जोडी एका फटक्यात पाठ झाली. दणदणीत यश मिळवणे या अर्थाच्या ‘फ्लाइंग कलर्स’चे कार्डही आहे. फडकते निशाण घेऊन परतणाऱ्या जहाजाची ती प्रतिमा आहे, असे पुस्तिकेत एका ओळीत सांगितले आहे. अशा टिपा आणखी चालल्या असत्या. ‘बाय द स्किन ऑफ वन्स टीथ’, म्हणजे अगदी थोडक्यात निभावणे, या वाक्प्रचाराचा उगम बायबलमधील जोबच्या कथेत आहे, परंतु तेथे मात्र टीप नाही आणि दातांची कातडी हा काय प्रकार आहे हे मला वर्गाला समजावून सांगावे लागले.

अव्यये हा या संचाचा कच्चा दुवा आहे. आपण गणितात नापास होतो, म्हणून आपली मुले ‘फेल्ड इन मॅथ्स’ म्हणतात. इंग्रजीत ‘फेल’नंतर विषय थेट येतो : ‘ही फेल्ड मॅथ्स’. ‘पास’चेही तसेच. मात्र ‘डू वेल’ आले की अव्यय लागते, आणि ते ब्रिटनमध्ये ‘इन ॲन एक्झाम’ असते तर अमेरिकेत ‘ऑन ॲन एक्झाम’. कॉपी करण्याच्या बाबतीतही हेच : ‘चीट इन’ आणि ‘चीट ऑन’. आपला ‘कॉपी’ हा शब्द शेजाऱ्याच्या पेपरात डोकावण्यापासून चिठ्ठ्या लपवण्यापर्यंत सर्व गोष्टींना पुरतो. इंग्रजीतील ‘कॉपी’ फक्त उतरवून काढण्याला लागतो आणि बाकीच्या सगळ्या उद्योगांना ‘चीट’ म्हणतात. संचाच्या कार्डांवर ब्रिटिश आणि अमेरिकी असे भेद काही ठिकाणी छोट्या अक्षरांनी दाखवले आहेत, काही ठिकाणी नाहीत, आणि कोठे दाखवायचे व कोठे नाही यामागे कोणतेही सूत्र दिसत नाही. ‘इनव्हिजिलेटर’ या ब्रिटिश शब्दाला अमेरिकेत ‘प्रॉक्टर’ म्हणतात हे दिले आहे. मग आपण ज्याला उजळणी म्हणतो त्याला ब्रिटनमध्ये ‘रिव्हाइज’ आणि अमेरिकेत ‘रिव्ह्यू’ म्हणतात हे का दिले नाही? अमेरिकी माणसाला ‘रिव्हाइज’ म्हणजे लिहिलेल्या मजकुरात फेरफार करणे वाटते. उजळणी हा विषय परीक्षेच्या बोलण्यात दर दुसऱ्या वाक्यात येतो, त्यामुळे ही गळती किरकोळ नाही.

अभ्यासाच्या पिवळ्या गठ्ठ्यात ‘क्रॅम’, ‘लर्न बाय हार्ट’ आणि ‘मग अप’ अशी तीन कार्डे लागोपाठ येतात आणि तिन्हींची खूण ‘घोकंपट्टी’ अशा अर्थाची दिली आहे. हे बरोबर नाही. ‘क्रॅम’ म्हणजे परीक्षेच्या तोंडावर घाईघाईने डोक्यात कोंबणे. ‘लर्न बाय हार्ट’ म्हणजे पाठ करणे. त्यात निंदा नाही, कविताही ‘बाय हार्ट’ शिकतात. ‘मग अप’चा अर्थ ब्रिटनमध्ये थोड्या वेळात एखाद्या विषयाची माहिती करून घेणे असा आहे आणि आपल्याकडे तो न समजता रट्टा मारणे असा झाला आहे. शिवाय आपली मुले ‘बायहार्ट’ हेच क्रियापद करतात, ‘मी सगळी उत्तरे बायहार्ट केली’, आणि इंग्रजीतही ‘आय बायहार्टेड’ म्हणून मोकळी होतात. त्यावर एक लाल फुली मारायला हवी होती, ती नेमकी नाही.

बोलीतले आणि औपचारिक शब्द वेगळे न दाखवणे हा आणखी एक दोष. ‘फ्लंक’ हा अमेरिकी बोलीतला शब्द आहे. आपल्याकडे ‘गचकला’ किंवा ‘दांडी उडाली’ म्हणावे तसा. रुग्णालयाच्या मुलाखतीत, पहिल्या प्रयत्नात एक परीक्षा राहिली होती हे सांगताना परिचारिकेने ‘आय फ्लंक्ड’ म्हणू नये, आणि हे तिला कार्डाने सांगायला हवे. त्या जागी ‘आय डिड नॉट पास द फर्स्ट टाइम’ असे साधे वाक्य अधिक शोभते. याउलट ‘रीसिट’ आणि ‘रीटेक’, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणे, हे शब्द औपचारिक ठिकाणीही निर्धास्तपणे वापरता येतात. आपल्या विद्यापीठांतील ‘एटीकेटी’, म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’, हे सूत्र परदेशी माणसाला सांगून कळत नाही. त्यापेक्षा अमुक विषयाची परीक्षा ‘रीसिट’ केली असे सांगावे. जाता जाता सांगते, माझ्या पेटीत दोन कार्डे दुहेरी निघाली आणि त्यांतले एक ‘रीसिट’चे होते. वर्गाला त्यातला विनोद माझ्याआधी कळला.

पेटीवर ठळक अक्षरांत ‘बँड ७ची हमी’, म्हणजे आयईएलटीएसमध्ये सात या गुणपातळीची हमी, असे लिहिले आहे. अशा जाहिरातीकडे मी एरवी दुर्लक्ष केले असते, पण येथे मुली त्या आश्वासनापोटी पैसे मोजतात. आयईएलटीएसच्या संभाषण चाचणीचा कालावधी ११ ते १४ मिनिटांचा असतो आणि गुण चार निकषांवर दिले जातात : ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. शब्दसंपदेच्या निकषात सात या पातळीवर शब्दांच्या जोड्यांची काही जाण दिसावी अशी अपेक्षा खरोखरच नमूद आहे, त्यामुळे प्रकाशकाने विषय निवडताना अभ्यास केला आहे हे मान्य. परंतु तो चारांपैकी एका निकषाचा एक भाग आहे, आणि १२० कार्डे एकाच विषयावरची आहेत. हमी या शब्दाला येथे काहीही आधार नाही.

पुस्तिकेच्या प्रस्तावनेत शब्दजोड्यांची ही पद्धत संगणकयुगातील नवा शोध असल्यासारखे लिहिले आहे. संगणकामुळे कोट्यवधी शब्दांच्या मजकुरातून जोड्या मोजणे शक्य झाले हे खरे; परंतु भाषाशिक्षणतज्ज्ञ हॅरॉल्ड पामर यांनी टोकियोत जपानी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी शब्दजोड्यांवरील आपला अहवाल १९३३ सालीच प्रसिद्ध केला होता. शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून पटते, हा विचार १९५७ साली मांडणारे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ हे तर १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. हे सांगण्याचे कारण असे की पामर यांच्यापुढे जपानी विद्यार्थी होता आणि तो कोठे अडतो हे पाहून त्यांनी काम केले. या संचाच्या कर्त्यांपुढे मात्र कोणीच विद्यार्थी नाही. पेटीवर ‘भारतीय विद्यार्थ्यांसाठी’ असे छापलेले असूनही लाल फुलीच्या ओळी वाचताना असे वाटते की त्या कोठल्याही देशाच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या एखाद्या यादीतून उचलल्या आहेत. ‘डू ॲन एग्झॅमिनेशन ऑफ इंग्लिश’ ही चूक मी आजवर एकाही मराठी मुलाच्या तोंडून ऐकलेली नाही, आणि तिच्यावर एक अख्खे कार्ड खर्च केले आहे. उलट ‘रिझल्ट लागला’, ‘सेंटर आले’, ‘सप्लिमेंट घेतली’, ‘टक्के पडले’ या बोलण्याचे इंग्रजी काय करायचे, यावर एकही नाही. रिझल्ट लागला याला ‘द रिझल्ट्स आर आउट’ इतके सोपे वाक्य आहे. पण ते न दिल्यामुळे मुले ‘रिझल्ट इज ॲटॅच्ड’पर्यंत जाऊन पोहोचतात. हे मी कल्पनेने लिहीत नाही. नोव्हेंबरमध्ये हे वाक्य मी स्वतः तपासले आहे.

ध्वनिमुद्रणांविषयी थोडक्यात. आवाज स्पष्ट आहे, गती संथ आहे, उच्चार ब्रिटिश आहेत. मात्र निळ्या गठ्ठ्यातील बऱ्याच कार्डांचे कोड उघडतच नाहीत. पुस्तिकेतल्या पत्त्यावर मी दोनदा लिहिले, उत्तर आले नाही. दुहेरी निघालेली कार्डे दुकानदाराने विनातक्रार बदलून दिली, त्याबद्दल त्याचे आभार. कार्डांचा कागद पातळ आहे; चार महिन्यांत पिवळ्या गठ्ठ्याचे कोपरे दुमडले आहेत, आणि बारा-पंधरा मुलांच्या वर्गात वापरायचे असेल तर आधीच प्लास्टिकचे वेष्टन घालून घ्यावे.

घ्यावा की घेऊ नये, याचे उत्तर कोण घेणार यावर अवलंबून आहे. एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने हा संच घेऊ नये, कारण फुलीमागचे कारण सांगायला त्याच्याजवळ कोणी नसेल आणि निम्म्या फुल्या त्याच्या कामाच्या नाहीत. शिक्षकाने मात्र जरूर घ्यावा. हिरवा गठ्ठा जसाच्या तसा वापरता येतो, निळा बराचसा वापरता येतो, आणि पिवळ्या व तपकिरी गठ्ठ्यांवर थोडी मेहनत घ्यावी लागते. मी प्रत्येक तपकिरी कार्डाच्या कोपऱ्यात मार्करने मराठी क्रियापद लिहिले आहे : काढणे, तपासणे, फुटणे, घेणे. पहिल्या पिवळ्या कार्डावरची फुली खोडून तेथे दोन बाण काढले आहेत, एक विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे जाणारा आणि त्याखाली मराठी, दुसरा शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे येणारा आणि त्याखाली इंग्रजी. ते कार्ड सध्या पेटीत नाही. कोल्हापूरच्या त्या परिचारिकेने ते मागून नेले आहे. वसतिगृहात तिच्या खोलीतल्या दुसऱ्या तिघींना दाखवायचे आहे, असे ती म्हणाली.